ओईटी रीडिंग: मोठे शब्द येतात, अडतं ते छोट्यांपाशी

ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, परदेशात काम करू पाहणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिच्या तयारीला लागलेल्या सिस्टर्स मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "ताई, व्होकॅब्युलरीसाठी कुठलं पुस्तक घेऊ?" मी उलट विचारते, थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणजे काय? उत्तर चटकन येतं. सबअ‍ॅरॅक्नॉइड हेमरेज? तेही येतं. मग एक साधं वाक्य देते: ‘शुड द पेशंट डिव्हेलप अ रॅश, विथहोल्ड द नेक्स्ट डोस.’ यात पेशंटला रॅश यायला पाहिजे असं म्हटलंय का? इथे बऱ्याच जणी अडखळतात.

अर्थ एवढाच आहे की रॅश आलाच तर पुढचा डोस देऊ नका. ‘इफ’ गाळून ‘शुड’ वाक्याच्या तोंडाशी आणायची ही इंग्रजीची जुनी रीत. मेडिकल गाइडलाइनमध्ये ती पानोपानी भेटते, शाळेच्या व्याकरणात मात्र कोणी शिकवलेली नसते. तेव्हा तयारीला बसण्याआधीच हे डोक्यात पक्कं करा: रोगांची, औषधांची, ऑपरेशनची नावं तुम्हाला जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षापासून येतात. मार्क जातात ते ‘अनलेस’, ‘रादर दॅन’, ‘नीड नॉट’, ‘प्रायर टू’ असल्या बारक्या शब्दांत आणि लेखाच्या सुरात.

माझ्याबद्दल थोडंसं, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी सांगली जिल्ह्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम, मग सांगली-मिरजेकडे वॉर्ड आणि आयसीयू, आणि आता इंग्लंडमध्ये मेडिकल वॉर्डात बँड फाइव्ह या पगारश्रेणीतली नर्स. रविवारी ड्यूटी नसली की आपल्याकडच्या काही मुलींचा रीडिंगचा सराव फोनवर घेते. खाली जे लिहिलंय ते त्या सरावातलंच.

पेपर कसा असतो

ओईटी ही बारा आरोग्य व्यवसायांसाठीची परीक्षा. रायटिंग आणि स्पीकिंग प्रत्येकाच्या व्यवसायाप्रमाणे वेगळं, पण रीडिंगचा पेपर सगळ्यांना एकच. डॉक्टर आणि फिजिओही तोच सोडवतात. एकूण वेळ ६० मिनिटं, प्रश्न ४२. यूकेच्या नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिलला रीडिंगमध्ये ‘बी’ ग्रेड लागते, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०. रायटिंगला ३०० चालतात, रीडिंगला ती सवलत नाही.

पार्ट ए ला १५ मिनिटं. एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर आणि २० प्रश्न. पार्ट बी मध्ये कामाच्या ठिकाणचे सहा लहान उतारे (पॉलिसी, मेमो, ई-मेल, मशीनच्या मॅन्युअलचा तुकडा), प्रत्येकावर एक प्रश्न. पार्ट सी मध्ये दोन लांबलचक लेख, प्रत्येकावर आठ प्रश्न. बी आणि सी मिळून ४५ मिनिटं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

शब्द गोळा करायचे ते वॉर्डातून

क्लासवाले तीन-चार हजार शब्दांची झेरॉक्स देतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. माझं स्पष्ट मत, ती झेरॉक्स बाजूला ठेवा. सुटा शब्द आणि त्याचा एक अर्थ पाठ करून परीक्षेत काही हाती लागत नाही, कारण ओईटी तोच शब्द तुम्हाला पुन्हा दाखवतच नाही. मजकुरात ‘प्रायर टू सर्जरी’ असेल तर प्रश्नात ‘बिफोर अ‍ॅन ऑपरेशन’ असतं. मजकुरात ‘अ‍ॅडव्हर्स इफेक्ट्स’, प्रश्नात ‘अनवॉन्टेड रिअ‍ॅक्शन्स’. म्हणून शब्द लिहायचा तो जोडीदारासकट.

युनिफॉर्मच्या खिशात मावेल अशी छोटी वही करा. तिच्यात प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी: ज्या वाक्यात शब्द भेटला ते पूर्ण वाक्य, त्याच अर्थाचा दुसरा वाक्प्रयोग, आणि त्याच्यासोबत येणारं प्रिपोझिशन. ‘प्रेझेंट’ एकटा लिहू नका, ‘प्रेझेंटेड विथ चेस्ट पेन’ लिहा. ‘कंप्लाय’ नको, ‘कंप्लाय विथ’ लिहा. ‘रिस्पॉन्ड टू’, ‘रिकव्हर फ्रॉम’, ‘सस्सेप्टिबल टू’. पार्ट ए मध्ये रिकाम्या जागेच्या पुढचं-मागचं प्रिपोझिशन पाहूनच उत्तर कुठल्या शब्दाचं आहे ते कळतं.

वाक्यं कुठून आणायची? आपल्या आजूबाजूला इतका माल पडलेला असतो की पुस्तक विकत घ्यायची गरजच नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद आपण उघडताच फेकतो. तो म्हणजे पार्ट ए चा मजकूर समजा: डोस, कॉन्ट्राइंडिकेशन (औषध कधी देऊ नये), स्पेशल प्रिकॉशन, ओव्हरडोस. रोज एका औषधाचा घरी न्या. तुमच्या हॉस्पिटलला एनएबीएच हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र असेल तर इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात एसओपीच्या, म्हणजे कुठलं काम कसं करायचं याच्या लेखी नियमांच्या, फायली असतात आणि त्या इन्स्पेक्शनच्या आठवड्यातच उघडल्या जातात. त्या फायलींतली इंग्रजी ही हुबेहूब पार्ट बी ची इंग्रजी आहे. नीडल-स्टिकची (चुकून सुई टोचण्याची) एसओपी, ब्लड ट्रान्सफ्यूजनची एसओपी, बायोमेडिकल वेस्टची एसओपी. वाचा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हा कागद मला नेमकं काय करायला सांगतोय? पार्ट बी चा प्रश्नही बहुतेक वेळा हाच असतो.

यूकेत उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइन्स, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, वेबसाइटवरची आजारांची पानं आणि ओईटीच्या स्वतःच्या साइटवरच्या सॅम्पल टेस्ट, सगळं फुकट आहे. तिथली नावं मात्र कधी कधी वेगळी दिसतात. अमेरिकी मजकुरातलं अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे अ‍ॅड्रिनलिन. स्पेलिंगही ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही चालतं, फक्त चुकलेलं चालत नाही.

वहीतले शब्द टिकवायला जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली डब्यांची पद्धत घ्या. ग्लोव्हजचे तीन रिकामे खोके पुरतात. नवीन शब्दाची चिठ्ठी पहिल्या खोक्यात, ते रोज बघायचं. आठवलं तर चिठ्ठी दुसऱ्यात, ते दोन-तीन दिवसांनी. पुन्हा आठवलं तर तिसऱ्यात, ते आठवड्याने. विसरलात की चिठ्ठी पुन्हा पहिल्या खोक्यात, कितीही जुनी असली तरी. मोबाईलवर अँकी नावाचं अ‍ॅप हेच काम करतं. पण नाइटला मोबाईल उघडला की आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, म्हणून मला खोकी बरी वाटतात.

बारके शब्द: इथे वेळ घाला

आधी हुकमाची उतरंड नीट बसवा. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. ‘शुड’ म्हणजे करणं अपेक्षित, पण कारण असेल तर अपवाद. ‘मे’ म्हणजे मुभा, किंवा नुसती शक्यता: ‘मे बी गिव्हन’ मध्ये मुभा आहे, ‘मे कॉज ड्राउझिनेस’ मध्ये शक्यता. सर्वांत जास्त गफलत ‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ मध्ये होते. ‘पेशंट्स नीड नॉट फास्ट’ म्हणजे उपाशी राहायची गरज नाही, राहिले तर बिघडत नाही. ‘पेशंट्स मस्ट नॉट फास्ट’ म्हणजे उपाशी राहूच नये. पार्ट बी च्या तीन पर्यायांत असा फरक मुद्दाम पेरलेला असतो.

‘अनलेस’ दिसला की वाक्य उलटं करून घ्यायचं. उदाहरणार्थ, ‘डू नॉट रिमूव्ह द ड्रेसिंग अनलेस इट इज सोक्ड’. स्वतःशी म्हणा: भिजलं तरच काढायचं. ‘शिवाय’ लावून मराठी करत बसाल तर नकारावर नकार येतो आणि डोकं फिरतं. ‘तरच’ लावलं की वाक्य सरळ होतं. ‘प्रोव्हायडेड दॅट’ लाही हाच ‘तरच’ चालतो. ‘फेलिंग दॅट’ म्हणजे ते जमलं नाही तर. ‘इन द अ‍ॅब्सेन्स ऑफ’ म्हणजे अमुक नसताना, आणि हा वाक्प्रयोग पार्ट ए चा फार लाडका आहे: ‘इन द अ‍ॅब्सेन्स ऑफ अ नोन अ‍ॅलर्जी’.

‘रादर दॅन’ च्या अलीकडचं करायचं, पलीकडचं नाही. ‘अदर दॅन’ म्हणजे ते सोडून. ‘फॉलोइंग सर्जरी’ मधला ‘फॉलोइंग’ म्हणजे नंतर. ‘द फॉलोइंग स्टेप्स’ मधला म्हणजे खालील. ‘नो लाँगर’ दिसला की आधीची पद्धत रद्द झाली. मेमोच्या प्रश्नात उत्तर अनेकदा याच दोन शब्दांवर टांगलेलं असतं: आधी काय करत होतो, आता काय बदललं.

आकड्याजवळच्या शब्दांना तर पेनाने गोल करायची सवय लावा. ‘अप टू’, ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘नो मोअर दॅन’, ‘विदिन’, ‘एव्हरी’. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवाताला आठवड्यातून एकदा असतं आणि रोज दिलं गेल्याने जगभर पेशंट दगावलेत. तो सगळा घोळ ‘वीकली’ या एका शब्दाचा. परीक्षेत एक मार्क जाईल, वॉर्डात काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

मग येतात ओळखीचे वाटणारे पण चकवणारे शब्द. ‘इंडिकेटेड’ म्हणजे दाखवलं असं नाही. ‘अँटिबायोटिक्स आर नॉट इंडिकेटेड’ म्हणजे अँटिबायोटिकची इथे गरज नाही. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे नॉर्मल. ‘डिस्चार्ज’ पेशंटला मिळतो, जखमेतून येतो आणि ड्यूटीचाही होतो. ‘रिझर्व्हेशन्स’ म्हटलं की आपल्या डोक्यात रेल्वे नाहीतर सरकारी नोकरी. लेखात ‘शी हॅज रिझर्व्हेशन्स’ असेल तर तिला ते तितकंसं पटलेलं नाही.

पार्ट ए: वाचायचं नाही, शोधायचं

१५ मिनिटांत २० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चारही मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला वेळच नाही आणि त्याची गरजही नाही. पहिल्या मिनिटात फक्त चारींचे मथळे आणि आकार बघा. कुठल्यात टेबल आहे, कुठल्यात फ्लोचार्ट, कुठल्यात परिच्छेद. टेबल म्हणजे बहुधा डोस. फ्लोचार्ट म्हणजे मॅनेजमेंट, उपचार कसे करायचे ते. हे माहीत झालं की प्रश्न वाचल्यावर हात आपोआप योग्य मजकुरावर जातो. मेडिसिन ट्रॉलीत कुठल्या कप्प्यात काय आहे हे माहीत असलेली सिस्टर औषध शोधत बसत नाही, तसंच.

उत्तर मजकुरातल्याच शब्दांत लिहायचं. स्वतःचा समानार्थी शब्द वापरून हुशारी दाखवू नका. मजकुरात अनेकवचन असेल तर ‘एस’ सोडू नका. मजकुरात शॉर्टफॉर्म नसेल तर तुम्हीही वापरू नका, मग केसशीटवर तुम्ही तो रोज का लिहीत असेना. एका प्रश्नावर मिनिटभर अडकलात की पुढे जा. १५ मिनिटं संपली की पार्ट ए कडे परत जाता येत नाही.

सरावाला घड्याळ लावायचंच. पण पहिले काही पेपर वेळ न लावता, प्रत्येक उत्तर मजकुरात नेमकं कुठे होतं आणि प्रश्नात ते कुठल्या वेशात आलं होतं ते लिहीत सोडवा. वेशांच्या त्या जोड्या वहीत जातील. वेग आधी येत नाही, नजर आधी तयार होते.

पार्ट बी: तुमचा अनुभव आड येतो

हा भाग अनुभवी सिस्टर्सनी दोनदा वाचावा, कारण पार्ट बी मध्ये फ्रेशर मुलींपेक्षा त्याच जास्त चुकतात. त्या मजकुरातून उत्तर न देता वॉर्डातून देतात.

कॅन्युलाचं, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घातलेल्या नळीचं, उदाहरण घ्या. आपल्याकडे अनेक हॉस्पिटलांत ७२ तास झाले की ही नळी (आपली इंट्राकॅथ) बदलायची, हे अंगवळणी पडलेलं. इंग्लंडमधल्या २०१४ च्या एपिक-थ्री मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात की ठरावीक वेळेला सरसकट बदलू नका, गरज दिसली तर बदला आणि जागा किमान दर शिफ्टला तपासा. आता असा मजकूर पेपरात आला आणि पर्याय आले: तिसऱ्या दिवशी बदला, दर शिफ्टला जागा बघून ठरवा, डॉक्टरांची लेखी ऑर्डर घ्या. पहिल्या पर्यायावर हात जातो, कारण ती आपली सवय. तिसरा पर्यायही सुरक्षित वाटतो, कारण आपल्याकडे ऑर्डरशिवाय पान हलत नाही. उत्तर दुसरं, कारण कागदावर तेच लिहिलंय. कागद बरोबर की तुमची इन्चार्ज बरोबर, हा वाद परीक्षेबाहेर घाला.

चुकीचे पर्याय साधारण तीन जातींचे असतात. एक, जगात खरं पण या मजकुरात नसलेलं. दोन, मजकुरात असलेलं पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसलेलं. तीन, ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘ऑल्वेज’ घालून ताणलेलं. सराव करताना बरोबर उत्तरावर टिक करून थांबू नका. उरलेले दोन कुठल्या जातीचे आहेत ते शेजारी लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण सर्वांत जास्त मार्क याच कामाने वाढलेले मी पाहिलेत.

या सहा प्रश्नांना दहा मिनिटांच्या वर देऊ नका. म्हणजे पार्ट सी च्या प्रत्येक लेखाला साधारण १७ मिनिटं उरतात.

पार्ट सी: लेखकाला काय वाटतं

पार्ट सी ची भाषा वॉर्डाची नसते. कुणी संशोधक काही मांडतो, दुसरा त्याला हरकत घेतो, लेखक मध्येच टोमणा मारतो. इथे लागणारे शब्द मेडिकल डिक्शनरीत नाहीत: ‘कन्सीड’ (मनाविरुद्ध कबूल करणं), ‘कंटेंड’, ‘डाउनप्ले’, ‘स्केप्टिकल’, ‘मिअरली’, ‘सो-कॉल्ड’, ‘अ‍ॅलेज्ड’. वही दोन भागांत करा आणि मागचा भाग या शब्दांना द्या. प्रत्येक शब्दासमोर अर्थाऐवजी खूण लिहा: बाजूने, विरुद्ध, की तळ्यात-मळ्यात.

यादी हवीच असेल तर अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट घ्या. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ती प्रसिद्ध केली. ५७० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द) आहेत, जास्त वापरातली आधी. पहिल्या तीन उपयाद्या म्हणजे १८० कुळं. तेवढी पक्की झाली तरी लेखाचा सांगाडा दिसू लागतो.

वाचायला ‘द कॉन्व्हर्सेशन’ ही साइट चांगली. ती ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये सुरू झाली, तिथे अभ्यासक सामान्य वाचकांसाठी लिहितात, आणि तिच्या आरोग्य विभागातले लेख पार्ट सी च्या वळणाचे असतात. इंग्रजी पेपरांतले आरोग्यावरचे संपादकीय लेखही चालतील. दिवसाला एकच लेख, पण असा: प्रत्येक परिच्छेद संपला की समासात मराठीत एक ओळ. परिच्छेदात काय आहे ते लिहू नका, लेखक तिथे काय करतोय ते लिहा. ‘जुनं मत सांगतोय.’ ‘त्याला खोडतोय.’ ‘आकडे देतोय पण स्वतः खात्री नाही.’ मराठीत लिहिलेलं चालतं, उलट बरंच, कारण इंग्रजीत लिहायला गेलात की मूळ वाक्यच उचलून ठेवाल आणि समजल्याचा भास होईल.

वाक्य मोठं असलं की दोन युक्त्या. पहिली, क्रियापद आधी शोधा. आपल्या भाषेत ते शेवटी येतं, त्यामुळे आपण इंग्रजी वाक्यही शेवटाची वाट बघत वाचतो आणि पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतो. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद बहुधा लवकर येतात, पुढे नुसती शेपूट असते. दुसरी युक्ती नामांच्या रांगेसाठी. ‘पोस्टऑपरेटिव्ह वूंड इन्फेक्शन सर्व्हेलन्स प्रोग्रॅम’ असं काही आलं तर शेवटच्या शब्दापासून मागे या: कार्यक्रम, कशाचा, देखरेखीचा, कशावर, इन्फेक्शनवर.

‘धिस’, ‘इट’, ‘द लॅटर’, ‘डुइंग सो’ यांच्यावर हमखास प्रश्न असतो. सरावात प्रत्येक ‘धिस’ पासून मागच्या वाक्यातल्या ज्या गोष्टीकडे तो बोट दाखवतो तिथपर्यंत बाण काढा. बऱ्याचदा तो एका शब्दाकडे न जाता अख्ख्या मागच्या वाक्याकडे जातो. एखाद्या शब्दाचाच अर्थ विचारला असेल तर डिक्शनरीतला अर्थ आठवू नका, चारही पर्याय त्या जागी बसवून वाक्य वाचा. प्रश्न लेखाच्या क्रमानेच येतात, त्यामुळे चौथ्याचं उत्तर तिसऱ्याच्या आधी शोधत बसू नका.

ड्यूटीत बसवायचं कसं

मॉर्निंग असेल त्या आठवड्यात संध्याकाळी पार्ट सी चा लेख. इव्हिनिंगला सकाळी पार्ट ए, घड्याळ लावून. नाइटच्या आठवड्यात नवीन काही नको, फक्त खोक्यातल्या चिठ्ठ्या आणि एखादी एसओपी. नाइट उतरून आल्यावर टाइम लावून पेपर सोडवायचा आणि मग कमी मार्कांवरून रडायचं, हा उद्योग मुली का करतात मला कळत नाही. त्या वेळचे मार्क झोपेचे असतात, इंग्रजीचे नसतात.

जमलं तर दोघी-तिघी मिळून करा. केरळच्या सिस्टर्स हॉस्टेलवर एकत्र बसून एकमेकींना प्रश्न घालतात. त्यांचा निकाल चांगला लागतो त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे असं माझं मत. उत्तर सांगताना एकच नियम ठेवा: मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय उत्तर मान्य नाही. "मला वाटलं" चालणार नाही.

पूर्ण ६० मिनिटांचा पेपर आठवड्यातून एकदा पुरे, तोही परीक्षेआधीच्या दीड-दोन महिन्यांत. संगणकावर परीक्षा देणार असाल तर सरावही स्क्रीनवर करा. कागदावर बोट फिरवत वाचायची सवय तिथे उपयोगी पडत नाही. तारीख घेताना परीक्षेच्या आधीच्या दोन रात्री नाइट लागणार नाही हे ड्यूटी चार्ट लागायच्या आधीच इन्चार्जशी बोलून ठेवा.